नाव आणि प्रत : पर्ल भाषेतील तात्पुरते चल व अपरनामे यांच्या लेखनरीतीचा इतिहास

१

एकाच वस्तूला दोन नावे असणे आणि एका वस्तूच्या दोन प्रती असणे, या दोन गोष्टींची गल्लत आपण व्यवहारात सहसा होऊ देत नाही. दस्तऐवजात एका नावापुढे 'ऊर्फ' असे लिहून दुसरे नाव आले, म्हणजे माणूस एकच आहे हे वाचणारास कळते. त्याच दस्तऐवजाची नक्कल काढली, तर नकलेवरील खाडाखोड मूळ कागदावर उमटत नाही, हेही त्यास ठाऊक असते. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र हा भेद दर वेळी डोळ्यांना दिसतोच असे नाही. समोर एक छोटेसे नाव असते. ते मूळ वस्तूचे दुसरे नाव आहे की तिच्या प्रतीचे, हे त्या नावाकडे पाहून कळत नाही. ते भाषेच्या नियमांवरून आणि लेखकाने स्वीकारलेल्या रीतीवरून ताडावे लागते.

लॅरी वॉल यांनी १९८७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या पर्ल या भाषेत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित झाला. तात्पुरत्या कामासाठी घेतलेल्या चलाला स्वतंत्र नाव द्यावे की भाषेने पुरविलेल्या अनामिक चलावर काम भागवावे, आणि त्या चलात मूळ मूल्याची प्रत असावी की मूळ मूल्यच अपरनामाने हाताळावे, याविषयी पर्ल लिहिणाऱ्यांत जवळजवळ चार दशके विचारविनिमय होत आला आहे. या वादाकडे शिस्तप्रिय आणि स्वैर अशा दोन पक्षांमधील झगडा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो समाधानकारक नाही. नाव देणे आणि प्रत करणे हे दोन स्वतंत्र निर्णय होत. वादात ते एकमेकांत मिसळले गेले, आणि पर्लच्या लेखनरीतीचा इतिहास हा मुख्यतः त्यांना पुन्हा वेगळे करण्याचा इतिहास आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

अपरनामाचा जन्म टंचाईतून झाला. आय. बी. एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५७ मध्ये बाहेर पडलेल्या फोर्ट्रान भाषेत 'इक्विव्हॅलन्स' नावाचे एक विधान होते. स्मृतीतील एकाच जागेला दोन नावे देणे हे त्याचे कार्य. त्या काळी यंत्राची स्मृती इतकी अल्प असे, की एकाच जागेचा आळीपाळीने दोन कामांसाठी उपयोग करणे हा काटकसरीचा स्वाभाविक मार्ग होता. पुढे १९६० च्या अल्गोल अहवालात सबरूटीनला दिलेला घटक 'मूल्याने' द्यावा की 'नावाने' द्यावा, असा भेद शब्दांनीच स्पष्ट करण्यात आला. डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत घडविलेल्या सी भाषेने या बाबतीत सरळ भूमिका घेतली : सबरूटीनला साध्या मूल्याची प्रतच मिळेल, मूळ जागेपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर लेखकाने तिचा पत्ता उघडपणे द्यावा.

पर्लने सी भाषेपासून बरेच काही घेतले. पण हा नियम घेतला नाही. त्याचे कारण तिच्या दुसऱ्या वारशात आहे. युनिक्स प्रणालीवरील सेड आणि ऑक ही साधने मजकूर ओळीओळीने वाचून त्यावर संस्कार करीत. त्यांत 'आत्ता हातात असलेली ओळ' ही कल्पना मध्यवर्ती होती. या ओळीला लेखकाने नाव देण्याचा प्रश्नच नव्हता. ती सदैव समोर असे, आणि प्रत्येक आज्ञा तिलाच लागू पडे. पर्लच्या पहिल्या आवृत्तीतच ही कल्पना एका विशिष्ट चलाच्या रूपाने आली. डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे एक अधोरेखा, एवढेच त्याचे रूप. यापुढे त्यास 'डॉलर-अधोरेखा' असे म्हणू. कोणतेही लक्ष्य न सांगता शोध घेण्याची वा छापण्याची आज्ञा दिली, तर ती या चलावर चालते.

वॉल यांनी भाषाशास्त्राचे शिक्षण घेतले होते, आणि हे चल म्हणजे भाषेतील सर्वनाम होय, असे पर्लच्या परंपरेत स्वतः त्यांच्यापासून मानले गेले आहे. तुलना समर्पक आहे. 'पेटी उघड, पुसून घे आणि पुन्हा बंद कर' असे म्हणताना आपण पेटीचा उच्चार तीन वेळा करीत नाही. संस्कृत व्याकरणाशी परिचित असलेल्या वाचकास येथे अनुवृत्तीची आठवण होईल. पाणिनीच्या सूत्रांत आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारता चालू राहते, आणि त्यामुळे सूत्रे विलक्षण आटोपशीर होतात. या दोहोंत ऐतिहासिक संबंध काहीही नाही. पण लाघवाची किंमत दोन्हीकडे सारखीच आहे. अनुवृत्ती कोठवर चालते व कोठे थांबते, हे सूत्रात लिहिलेले नसते. ते सांगण्याचा भार टीकाकारांवर पडतो. पर्लमध्ये तो भार पुढे आज्ञावली वाचणाऱ्यावर पडला.

३

पर्लमध्ये अपरनाम आपोआप उत्पन्न होण्याची स्थाने मुख्यतः चार आहेत. ती ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहासाचा अर्थ लागणार नाही.

पहिले स्थान 'फोरीच' या आवर्तनाचे. सूचीतील एकेक घटक घेऊन आवर्तन चालते, तेव्हा आवर्तनाचे चल हे त्या घटकाचे अपरनाम असते. चलात बदल केला, की सूचीतील घटकच बदलतो. दुसरे स्थान 'मॅप' आणि 'ग्रेप' या फलनांचे. येथे डॉलर-अधोरेखा हीच प्रत्येक घटकाचे अपरनाम होते. या मार्गाने मूळ सूची बदलता येते, हे पर्लच्या अधिकृत माहितीपत्रकात मान्य केले आहे. त्यापासून चमत्कारिक परिणाम संभवतात, अशी सूचनाही तेथेच आहे. तिसरे स्थान 'सॉर्ट' या क्रमवारीच्या फलनाचे. त्यात तुलनेसाठी येणारी, इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या दोन अक्षरांची ए आणि बी ही चले सूचीतील घटकांची अपरनामे असतात. चौथे स्थान सबरूटीनचे. सबरूटीनला दिलेले घटक एका विशिष्ट सूचीत येतात; अ‍ॅट हे चिन्ह आणि पुढे अधोरेखा असे तिचे रूप आहे. या सूचीतील प्रत्येक घटक हा बोलावणाऱ्याच्या मूळ चलाचे अपरनाम असतो. म्हणजे सी भाषेने जे उघडपणे मागावयास लावले, ते पर्लने न मागता दिले.

यात सोय मोठी होती. सूचीतील सर्व ओळींच्या शेवटची रिकामी जागा छाटावयाची असेल, तर एका ओळीत काम होते. नवी सूची करावी लागत नाही, स्मृती खर्च होत नाही, नाव शोधावे लागत नाही. संकटही तितकेच मोठे होते. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पुढीलप्रमाणे आहे.

फाइलींच्या नावांची एक सूची आहे. लेखक तिच्यावर अनामिक आवर्तन चालवितो. त्यामुळे डॉलर-अधोरेखा ही क्रमाने प्रत्येक नावाचे अपरनाम होते. आवर्तनाच्या आत तो दुसऱ्या कोणाचे तरी एक सबरूटीन बोलावतो. त्या सबरूटीनमध्ये 'व्हाइल' या आवर्तनाने फाइल ओळीओळीने वाचलेली असते, आणि वाचलेली ओळही डॉलर-अधोरेखेतच जाते. 'फोरीच' हे आपले चल काम संपताच पूर्ववत् करते; 'व्हाइल' तसे करीत नाही. परिणामी आत वाचलेली प्रत्येक ओळ बाहेरील सूचीच्या घटकावर लिहिली जाते, आणि फाइल संपल्यावर तेथे केवळ रिक्त मूल्य उरते. लेखकाने सूचीला कोठेही हात लावलेला नसतो. सबरूटीनच्या कर्त्याला तर ती सूची अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. दोघांचीही आज्ञावली सुटी पाहिली तर निर्दोष. एकत्र येताच माहिती नष्ट, आणि तीही कोणतीही सूचना न मिळता.

४

हे संकट आरंभी फारसे जाणवले नाही, याचे कारण पर्लच्या उपयोगाच्या स्वरूपात आहे. पहिल्या काही वर्षांत पर्लची आज्ञावली बहुधा लहान असे. ती एकजण लिही, तोच चालवी, आणि काम झाल्यावर बाजूला ठेवी. संरक्षणासाठी 'लोकल' ही आज्ञा होती. ती नवे चल निर्माण करीत नसे. सार्वत्रिक चलाचे चालू मूल्य बाजूस ठेवून, काम संपल्यावर ते पुन्हा स्थापित करी. तिची व्याप्ती मजकुराच्या सीमेवरून ठरत नसून आज्ञावली चालण्याच्या काळावरून ठरे. म्हणून आतून बोलावलेल्या सबरूटीनलाही ते बदललेले मूल्य दिसे. संपूर्ण सूची प्रत न करता सबरूटीनला द्यावयाची असेल, तर तारकाचिन्हाने चिन्हतक्त्यातील नोंदच दुसऱ्या नावाला जोडावी लागे. ही अपरनामाची सर्वांत उघड, पण सर्वांत दुर्बोध रीत होती.

१९९४ च्या ऑक्टोबरात आलेल्या पर्ल ५ ने परिस्थिती मुळापासून बदलली. 'माय' या शब्दाने घोषित केलेले चल आता त्या त्या मजकूरखंडापुरतेच राहू लागले. बाहेरून बोलावलेल्या सबरूटीनला ते दिसेना. त्याच आवृत्तीत संदर्भांची सोय झाल्यामुळे तारकाचिन्हाच्या कसरतीचे प्रयोजन बहुतेक उरले नाही. पुढच्याच वर्षी सीपॅन हे पर्लच्या घटक-आज्ञावलींचे सार्वजनिक भांडार सुरू झाले. या दुसऱ्या घटनेचे महत्त्व लेखनरीतीच्या दृष्टीने पहिलीपेक्षा कमी नाही. अनोळखी व्यक्तीने लिहिलेली आज्ञावली आपल्या आवर्तनातून बोलावणे हा आता नित्याचा प्रकार झाला, आणि वर वर्णिलेला अपघात अपवाद न राहता संभाव्य गोष्ट बनला. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात याच सुमारास पर्लचा विस्तृत उपयोग होत होता. तेथे एका प्रयोगशाळेने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रयोगशाळेच्या माहितीवर चाले. अशा ठिकाणी सूचीतील एक घटक निमूटपणे बदलणे म्हणजे एक निष्कर्ष निमूटपणे बदलणे होय.

१९९७ मध्ये आलेल्या ५.००४ या आवृत्तीने 'फोरीच'च्या तोंडाशीच 'माय' लिहून आवर्तनाचे चल घोषित करण्याची मुभा दिली. बदल दिसावयास लहान, पण त्यानंतर नामयुक्त आवर्तन लिहिणे अनामिक आवर्तनाइतकेच सुलभ झाले. येथेच प्रस्तुत विषयातील मुख्य गल्लत उत्पन्न झाली. चलाला स्वतःचे, खासगी नाव मिळाले म्हणून ते प्रत झाले, असे अनेकांस वाटू लागले. वस्तुतः ते अजूनही अपरनामच होते. नाव खासगी, वस्तू मात्र सामायिक. वर सांगितलेला फाइल वाचण्याचा अपघात या रीतीने टळतो, कारण आतील सबरूटीन आता त्या नावापर्यंत पोहोचत नाही. परंतु आवर्तनाच्या आत लेखकाने स्वतःच त्या चलात बदल केला, तर मूळ सूची पूर्वीप्रमाणेच बदलते.

५

नाव आणि प्रत यांचे हे दोन निर्णय वेगळे धरले, म्हणजे पर्लमधील प्रचलित रीतींची मांडणी आपोआप होते. अनामिक अपरनाम, नामयुक्त अपरनाम, नामयुक्त प्रत आणि अनामिक प्रत, अशा चार रीती संभवतात. आणि इतिहासात त्या जवळजवळ याच क्रमाने प्रतिष्ठा पावल्या. पहिल्या दोन रीती वर आल्याच आहेत.

नामयुक्त प्रत करण्याची प्रमुख रीत सबरूटीनच्या आरंभी दिसते. आलेली संपूर्ण सूची पहिल्याच ओळीत 'माय'ने घोषित केलेल्या चलांत ओतावयाची, हा तो संकेत. मूल्ये ओतताना त्यांची प्रत होते. म्हणून एका ओळीत घटकांना नावेही मिळतात आणि बोलावणाऱ्याच्या चलांशी असलेला संबंधही तुटतो. एका ओळीने दोन्ही कामे केल्यामुळे ती दोन कामे आहेत, हे विसरणेही सोपे झाले. एखाद्या मजकुरात बदल करावयाचा, पण मूळ मजकूर राखावयाचा, यासाठी दुसरी एक वाक्यरचना रूढ होती : कंसात नवे चल घोषित करून त्यात मूळ मूल्य ठेवावयाचे, आणि कंसाबाहेर लगेच त्यावर बदलाची क्रिया चालवावयाची. जाणत्यास ती क्षणात कळे. नवख्यास मात्र बदल कोणावर होतो हे कंस मोजून शोधावे लागे.

तिच्या उलट टोकास एक चतुर युक्ती होती. एकाच चलावर पाच-सहा बदल करावयाचे असतील, तर त्या एकट्या चलावर 'फॉर' हे आवर्तन चालवावयाचे. आवर्तन एकदाच होते. पण तेवढ्या खंडापुरती डॉलर-अधोरेखा त्या चलाचे अपरनाम होते, आणि पुढील प्रत्येक बदल लक्ष्याचे नाव न घेता लिहिता येतो. येथे आवर्तनाचा हेतू पुनरावृत्ती हा नसून 'आता याच्याविषयी बोलू' असे सांगणे हा आहे. निबंधात एखाद्या विषयाचा प्रस्ताव करावा, तसा हा प्रकार. यास केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात एकाग्रतेचा गुण आहे.

चौथ्या रीतीला, म्हणजे अनामिक प्रतीला, भाषेने फार उशिरा साधन दिले. २०११ मधील ५.१४ या आवृत्तीत बदलाच्या क्रियेला आर हे अक्षर जोडण्याची सोय आली. ते जोडले, की मूळ मूल्य तसेच राहते आणि बदललेली प्रत उत्तर म्हणून हाती येते. 'मॅप'च्या आत बदल करू पाहणाऱ्यांची नकळत मूळ सूची बिघडविण्याची जी जुनी चूक होती, तिच्यावर हा सर्वांत साधा उपाय ठरला.

६

लेखनरीतीविषयीचे विखुरलेले मत एकत्र आणण्याचे कार्य ऑस्ट्रेलियातील डेमियन कॉनवे यांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पर्ल बेस्ट प्रॅक्टिसेस' या ग्रंथाने केले. त्यात २५६ सूचना आहेत. सबरूटीनला आलेली सूची प्रथम नावांत ओतून घ्यावी, आवर्तनाचे चल 'माय'ने घोषित करावे, 'मॅप' आणि 'ग्रेप' यांच्या आत डॉलर-अधोरेखेत बदल करू नये, या सूचना त्यांपैकीच होत. पुढे 'पर्ल::क्रिटिक' या साधनाने यांतील पुष्कळ सूचना यंत्राकडून तपासून घेण्याची सोय केली, आणि जे मत होते त्यास नियमाचे रूप आले.

कॉनवे यांनी अपरनामांचा सरसकट निषेध केला, असा समज आढळतो. तो त्यांच्या ग्रंथास धरून नाही. सूची जागच्या जागी बदलावयाची असेल, तर 'मॅप' न वापरता 'फॉर' वापरावा, अशीही त्यांची सूचना आहे. आणि असा 'फॉर' अपरनामावाचून चालूच शकत नाही. तेव्हा त्यांचा आक्षेप अपरनामाला नसून अघोषित हेतूला होता. 'मॅप' वाचणाऱ्यास नव्या सूचीची अपेक्षा असते. 'फॉर' वाचणाऱ्यास बदलाची. ज्या रचनेने जे सुचविले, तेच तिच्यात घडावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

७

यानंतरच्या दोन दशकांत भाषेनेच या वादात भाग घेतला. तिचा पहिला प्रयत्न फसला. २००७ मधील ५.१० या आवृत्तीत डॉलर-अधोरेखेलाच 'माय'ने घोषित करण्याची मुभा देण्यात आली. सर्वनामाला खासगी करावे, म्हणजे अपघात थांबतील, अशी त्यामागील अपेक्षा दिसते. परंतु या चलाची सारी उपयुक्तता ते सर्वांना समान दिसण्यातच होती. ते एका खंडापुरते खासगी झाल्यावर कोणती आज्ञा कोणत्या डॉलर-अधोरेखेवर चालते, हा नवाच संभ्रम उत्पन्न झाला. २०१३ मध्ये ही सोय प्रायोगिक ठरविण्यात आली, आणि २०१६ मधील ५.२४ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. खासगी सर्वनाम हे सर्वनाम राहत नाही, हा या प्रयोगाचा बोध.

दुसरा बदल आर्थिक होता. २०१४ मधील ५.२० या आवृत्तीपासून मजकूररूपी मूल्याची प्रत करताना आतील अक्षरे लगेच उतरवून घेतली जात नाहीत. दोहोंपैकी एकात बदल होईपर्यंत ती सामायिक ठेवण्याची पद्धत नित्याची झाली. प्रत करणे महाग आहे, म्हणून अपरनाम वापरावे, हा फोर्ट्रानच्या काळापासूनचा युक्तिवाद त्यामुळे बराच दुबळा झाला. प्रत घेतल्याचा लाभ मिळतो. खर्च मात्र पुष्कळदा करावाच लागत नाही.

तिसरा बदल सबरूटीनच्या घोषणेचा. घटकांची नावे सबरूटीनच्या नावापुढेच कंसात लिहिण्याची रीत ५.२० मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०२२ मधील ५.३६ मध्ये स्थिर झाली. या रीतीने आलेले घटक प्रती असतात. इतकी वर्षे सबरूटीनच्या पहिल्या ओळीत पाळला गेलेला शिष्टाचार असा व्याकरणात दाखल झाला. याच काळात विरुद्ध दिशेनेही एक पाऊल पडले. २०१५ मधील ५.२२ या आवृत्तीने संदर्भाच्या खुणेने अपरनाम उघडपणे घोषित करण्याची प्रायोगिक सोय दिली. वरवर पाहता हे दोन बदल परस्परविरोधी आहेत. नीट पाहिल्यास दोहोंचा हेतू एकच आहे : प्रत असो वा अपरनाम, ते लिहिलेल्या अक्षरांवरून दिसावे. पर्लची भगिनी म्हणून २००० पासून आखली गेलेली आणि २०१९ मध्ये राकू असे नाव पावलेली भाषा याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात सबरूटीनचा घटक मुळात अपरिवर्तनीय असतो. प्रत हवी असेल वा मूळ वस्तूत बदल करावयाचा असेल, तर घटकापुढे तसे शब्दांनी लिहावे लागते.

८

या सर्व वृत्तांतावरून काही निष्कर्ष काढता येतात. नाव द्यावे की न द्यावे, या प्रश्नावर पर्ल लिहिणाऱ्यांत बऱ्याच अंशी एकमत झाले आहे. खंड दोन-तीन ओळींचा असेल आणि त्यात परकी आज्ञावली बोलावली जात नसेल, तर सर्वनाम शोभते. त्यापलीकडे नाव द्यावे. सर्वनामाचा पूर्वपद डोळ्यांसमोर असेपर्यंतच सर्वनाम वापरावे, हा गद्यलेखनातील नियम याहून निराळा नाही. प्रत करावी की अपरनाम ठेवावे, हा प्रश्न मात्र रुचीचा नाही. तो मालकीचा आहे. माहिती दुसऱ्याची असेल, तर तिच्यात बदल करण्यापूर्वी प्रत घेणे हे कर्तव्य होय. माहिती आपली असेल आणि तीच बदलावयाची असेल, तर अपरनामात कमीपणा काहीच नाही. ते वाचणारास दिसेल अशा रीतीने लिहिले म्हणजे झाले.

लेखनरीतीचा इतिहास पुष्कळदा सौंदर्यदृष्टीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पर्लच्या बाबतीत तसे करणे अपुरे ठरेल. येथे प्रत्येक संकेतामागे कोणाची तरी नकळत बदललेली सूची आहे. ज्याने ती आज्ञावली लिहिली तो अनेकदा निघून गेलेला असतो, आणि ती चालविणारा निराळाच असतो. त्या पुढच्या वाचकास पहिल्या लेखकाचा हेतू विचारता येत नाही. त्याला फक्त अक्षरे दिसतात. म्हणून हेतू अक्षरांत उतरविण्याची जी दीर्घ धडपड पर्लच्या इतिहासात आढळते, ती त्या वाचकाविषयीच्या जबाबदारीची धडपड आहे.